सूचीचा काटा कसा झाला

चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याच्या माळ्यावर उत्तर पेशवाईतल्या जकातीची एक मोडी वही निघाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधला मजकूर मात्र शाबूत. गावातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने मला फोन केला. त्यांना मोडी अडखळत वाचता येत होती, मला थोडी सवय आहे. सात-आठ महिन्यांचे रविवार आम्ही त्या वहीवर घालवले. गोणीमागे जकात किती, कोणाच्या बैलाला माफी, मीठ कोणत्या महिन्यात येतं आणि गूळ कोणत्या, असं एकेक उलगडत गेलं आणि लेख उभा राहिला. मी म्हटलं, ‘दिवाळी अंकाला देऊ. असले लेख वाचणारी माणसं तिथेच आहेत.’ त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, ‘काका, त्या अंकाला आयएसएसएन आहे का? नसेल तर मला पॉइंट मिळत नाहीत.’

आयएसएसएन म्हणजे काय हे मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांची बढती अडली होती. शोधनिबंध छापून आले की गुण, गुण जमले की बढती. एक नियतकालिक त्यांच्या माहितीत होतं, अडीच हजार रुपये भरले की आठ दिवसांत छापणारं. ‘पण ते वाचतं कोण?’ मी विचारलं. ‘वाचायला कशाला हवं, काका?’ त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात उपरोध नव्हता, नुसता थकवा होता.

लेख त्यांच्या इच्छेप्रमाणे तिकडे गेला. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. पण ते ‘वाचायला कशाला हवं’ माझ्या डोक्यातून जाईना. न वाचता लेखाची किंमत ठरवायची ही रीत आली कुठून, या प्रश्नामागे मी मोडी बाजूला ठेवून लागलो. माझा विद्यापीठाशी संबंध त्यांच्या ग्रंथालयापुरताच, त्यामुळे सुरुवातही तिथूनच केली. आणि गंमत अशी की या मोजणीची सुरुवातही ग्रंथालयातच झालेली निघाली. ज्यांनी ती सुरू केली त्यांना माणसांची प्रतवारी लावायची नव्हती. त्यांना पुस्तकं विकत घ्यायची होती आणि हवी तेव्हा सापडवायची होती.

१९२७ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे साधा पेच होता. छोट्या कॉलेजच्या तुटपुंज्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? प्राध्यापकांना विचारावं तर जो तो आपापल्या आवडीचं नाव सांगणार. म्हणून त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६चा वर्षभराचा संच घेतला, त्यातल्या लेखांच्या तळटीपा मोजल्या आणि कोणत्या नियतकालिकाचा आधार किती वेळा घेतला आहे याचा तक्ता केला. साडेतीन हजारांवर तळटीपा भरल्या. अमेरिकेबाहेरच्या नियतकालिकांत जर्मन नावं ठळक होती. रसायनशास्त्र शिकायचं तर जर्मन वाचता आलं पाहिजे, हे त्या आकड्यांवरून उघड होत होतं. पहिल्या मोजणीने अमेरिकी विद्यार्थ्याला परकी भाषा शिकायला सांगितलं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

दुसरी कथा सिंगापूरची. डेरेक डी सोला प्राइस हा तरुण इंग्रज पदार्थविज्ञानवाला महायुद्धानंतर तिथल्या रॅफल्स कॉलेजात शिकवायला गेला. कॉलेजने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा १६६५ पासूनचा संच मिळवला होता, पण ग्रंथालयाची इमारत तयार नव्हती. प्राइसने ते खंड घरी नेले आणि पलंगाशेजारी भिंतीला टेकवून दहा-दहा वर्षांचे गठ्ठे लावले. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं की गठ्ठ्यांची उंची एका विशिष्ट चालीने वाढते आहे. पहिले बुटके, मग जरा उंच, मग एकदम चढत गेलेले. चक्रवाढ व्याजाची चाल. विज्ञान ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातं हा त्याचा सिद्धान्त त्या भिंतीपाशी सुचला. पुढे ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ या १९६३च्या पुस्तकात त्याने तो विस्ताराने मांडला, आणि ही वाढ कधीतरी थांबणारच, नाहीतर माणसांपेक्षा शास्त्रज्ञ जास्त होतील, असंही मिश्किलपणे लिहिलं. इतिहासाच्या माणसाला हा प्राइस जवळचा वाटावा असाच आहे. ग्रीसच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्राच्या गंजक्या चाकांवरही त्याने अनेक वर्षं घालवली.

आपल्याकडे एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल. ग्रंथालयाचा कारभार संख्याशास्त्राने तपासायला हवा, आणि त्या विद्येला ‘लायब्रमेट्री’ म्हणावं, असं त्यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या एका परिषदेत सुचवलं. पाश्चात्त्यांचा ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द रुळला तो १९६९ नंतर. त्याच वर्षी रशियात नलिमोव आणि मुल्चेन्को यांचं ‘नाउकोमेट्रिया’ निघालं, म्हणजे विज्ञानमापन. नलिमोवने तरुणपण कोलिमाच्या श्रमछावणीत काढलं होतं. अशा माणसाने विज्ञानाच्या मुक्त वाहत्या माहितीचं शास्त्र लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या सगळ्या कथेचा नायक (काहींच्या मते खलनायक) युजीन गारफील्ड. न्यूयॉर्कमध्ये १९२५ साली जन्मलेला, रसायनशास्त्र शिकून सूचीच्या कामात शिरलेला. १९५१ ते ५३ या काळात तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयातल्या सूचीप्रकल्पावर होता. वैद्यकीय लेखांचा डोंगर वाढत चालला होता आणि विषयवार सूची त्याला पुरी पडत नव्हती. त्याच सुमारास विल्यम अडेर नावाच्या एका निवृत्त गृहस्थांचं त्याला पत्र आलं. हे अडेर ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या कंपनीचे माजी उपाध्यक्ष.

शेपर्ड हे प्रकरण वकिलांना लगेच कळेल. फ्रँक शेपर्डने १८७३ साली इलिनॉयमध्ये हा धंदा सुरू केला. एखाद्या निवाड्याचा आधार घ्यायचा तर तो अजून टिकून आहे का, की वरच्या कोर्टाने फिरवला, हे वकिलाला कळलं पाहिजे. शेपर्ड डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायचा. त्या निवाड्याच्या पानावर चिकटवायच्या, म्हणजे नंतरच्या कोणकोणत्या खटल्यांत त्याचा उल्लेख झाला ते समोर दिसायचं. अडेरांचं म्हणणं, विज्ञानालाही असंच करता येईल.

यातली मख्खी आपल्या उदाहरणाने सांगतो. पानिपतावरचा एखादा जुना लेख तुमच्या हाती आला. त्याच्या तळटीपा तुम्हाला मागे नेतात, लेखकाने काय वाचलं होतं तिथपर्यंत. पण त्या लेखाला पुढे कोणी खोडलं का? शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत पानिपताची जी फेरतपासणी केली तिची खबर त्या जुन्या लेखाला कुठून असणार? तळटीप फक्त भूतकाळाकडे बघते. गारफील्डने तिचं तोंड फिरवलं. त्याची सूची जुन्या लेखाच्या नावाखाली त्यानंतरच्या, त्याचा उल्लेख करणाऱ्या सगळ्यांची नावं देणार होती. १९५५च्या जुलैत ‘सायन्स’मध्ये त्याने ही कल्पना मांडली. फसव्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीवर कोणी डोळे मिटून विसंबू नये, हा त्याचा पहिला हेतू होता. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे शब्दही त्या लेखात ओझरते येऊन जातात, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. बी तेव्हाच पडलं होतं.

गारफील्डच्या धंद्याची सुरुवात न्यू जर्सीतल्या एका जुन्या, डागडुजी केलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. पुढे कंपनी फिलाडेल्फियात गेली आणि १९६० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फॉर्मेशन’ असं भारदस्त नाव तिला मिळालं. नोबेल मिळालेला जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग याने १९५९ साली आपणहून पत्र लिहून त्या सूचीचं पुढे काय झालं ते विचारलं. त्याच्या पाठबळाने सरकारी अनुदान आलं आणि १९६३ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे पहिले खंड निघाले. १९६१ या एका वर्षाची ६१३ नियतकालिकं, १४ लाख संदर्भ. कार्डांवर भोकं पाडून भरलेले.

त्या यंत्राचा पहिल्या काळातला एक उपयोग तर चक्क इतिहासासाठी होता. १९६४ साली गारफील्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या शोधाचा नकाशा काढला. आयझॅक असिमोव्हच्या पुस्तकात सांगितलेले चाळीस टप्पे एका बाजूला आणि मूळ लेखांच्या तळटीपांतून दिसणारे दुवे दुसऱ्या बाजूला. कोण कोणाच्या खांद्यावर उभा होता आणि कोण कोणाला न वाचताच त्याच जागी पोचला, हे रेघांनी दाखवणारा. वंशावळी जुळवणाऱ्या माणसाला त्या नकाशाचा मोह पडल्याशिवाय राहत नाही. मला पडला.

मग काटा कुठे बदलला? एकाच ठिकाणी बोट ठेवता येत नाही. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला गारफील्ड आणि अर्व्हिंग शेर यांना एक मापक हवा होता. नुसते संदर्भ मोजावेत तर जाडजूड नियतकालिकं पुढे जातात, म्हणून लेखसंख्येने भागायचं. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा उल्लेख झाला, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. हाच तो इम्पॅक्ट फॅक्टर. १९७५ पासून तो दरसाल वेगळ्या ग्रंथात छापून विकायला लागला. ग्रंथपालांनी वापरला तोवर ठीक होतं. मग तो निवड समित्यांच्या हाती गेला. तिथे नियतकालिकाचा आकडा त्यात लिहिणाऱ्या माणसाच्या कपाळावर चिकटवला गेला. म्हणजे गाडीच्या सरासरी भाड्यावरून एका उतारूची ऐपत ठरवण्यासारखं. २००५ साली हर्श या पदार्थवैज्ञानिकाने थेट माणसासाठीच ‘एच’ निर्देशांक काढला, आणि उरलीसुरली आडकाठी गेली. गारफील्डने स्वतः उतारवयात इम्पॅक्ट फॅक्टरची तुलना अणुशक्तीशी केली होती. २०१७ साली तो वारला तोवर त्याची सूची अनेक मालक बदलून मोठ्या कंपन्यांच्या हाती गेलेली होती.

संदर्भांची संख्या नेमकं काय सांगते? विज्ञानात सर्वाधिक वेळा उल्लेखलेला लेख म्हणजे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, द्रावणातलं प्रथिन मोजण्याच्या कृतीचा. तीन लाखांवर उल्लेख. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा लेख पहिल्या शंभरातही नाही. प्रयोगशाळेत ती कृती रोज लागते, म्हणून प्रत्येकजण लाउरीचं नाव घालतो. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मात्र शाळेच्या पुस्तकात गेली. तिला आता तळटीप कोण देतो?

हे कळल्यावर मी आपल्याकडे तसंच करून पाहिलं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक घेऊन कोण कोणाचा आधार घेतो याची कार्डं करायला बसलो. दोन महिन्यांत हात टेकले. ‘राजवाडे खंड अमुक, लेखांक तमुक’, ‘पे. द.’, ‘शि. च. सा.’, ‘कित्ता’, ‘मागे सांगितलेच आहे’, अशा खुणा जाणकाराला पुरतात, यंत्राला नाही. शिवाय राजवाड्यांचा खंड उल्लेखला म्हणजे राजवाड्यांचं मत उल्लेखलं असं होत नाही. खंडातलं दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र उल्लेखलं असतं, आणि पुष्कळदा राजवाड्यांच्याच प्रस्तावनेच्या विरुद्ध. सरदेसायांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग संपादले. तेही आपल्या इतिहासाचे लाउरीच म्हणायचे. आणि दोन वर्षांची खिडकी? राजवाड्यांचा पहिला खंड १८९८चा. आजही त्याच्यावाचून अडतं.

उल्लेख थट्टेचाही असू शकतो. ही थट्टा आपल्याच माणसाची आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३१च्या सुमारास अलीगढला गणित शिकवत होते. फ्रेंच गणिती आंद्रे वेल तेव्हा तिथेच. एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेलच्या सल्ल्याने कोसंबींनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक लेख छापला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या ‘दुसऱ्या सिद्धान्ता’चा गंभीर चेहऱ्याने आधार घेतला. पुढे फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांनी तेच नाव घेऊन सामूहिक ग्रंथ लिहिले आणि बुर्बाकी जगप्रसिद्ध झाला. मोजणाऱ्या यंत्रापुढे तो पहिला उल्लेख आणि बाकीचे एकाच भावाचे.

जे सूचीत नाही ते तर मोजलंच जात नाही. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत. कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसलेला. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं, पण देशातल्या पुष्कळ गणितज्ञांना तो पोरखेळ वाटला. आपलं बरंचसं लेखन त्यांनी पदरमोड करून लहान पुस्तिकांत छापलं. मार्टिन गार्डनरने १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर कापरेकर सत्तरीचे होते. देवळालीत छापलेली पुस्तिका कोणत्या ६१३त बसणार होती?

आता पुन्हा त्या आयएसएसएनकडे येतो. तो आठ आकड्यांचा ओळखक्रमांक आहे. पॅरिसमधल्या केंद्राच्या देखरेखीखाली, आपल्याकडे दिल्लीतून दिला जातो. मोटारीच्या नंबरप्लेटसारखा. मोटार चांगली चालते की नाही हे नंबरप्लेट सांगत नाही. पण २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी ‘एपीआय’ ही गुणपद्धती आणली आणि आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या लेखांना गुण ठेवले. बाजार उभा राहायला वेळ लागला नाही. पैसे भरा आणि छापा. मग आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तीच माणसं यादीत शिरली. पुण्याच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापलेल्या तपासणीत, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली अठ्ठ्याऐंशी टक्के निकृष्ट ठरली. त्याच मे महिन्यात आयोगाने चार हजारांवर नावं काढून टाकली. पुढच्या वर्षी ‘केअर’ नावाची गाळीव यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातूनच चाले. भारतीय भाषांनाही तीत जागा होती. २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. पंधरा वर्षांत तीन वेळा काटा बदलला, आणि मधल्या काळात कितीजणांचे निबंध एका काट्यावर शेरभर आणि दुसऱ्यावर शून्य भरले.

मोजणीवर नुसता राग काढणं सोपं आहे. मी तसा काढला तेव्हा त्या प्राध्यापिकाबाईंनीच मला अडवलं. ‘काका, आधी काय होतं? मुलाखतीला कोण कोणाचा, हे बघायचे. आकडा निदान सगळ्यांना सारखाच दिसतो.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहान गावच्या, ओळखीपाळखी नसलेल्या बाईला आकड्याचाच आधार वाटतो, हे मला मान्य करावं लागलं. फक्त तो आकडा तिला अडीच हजारांच्या दुकानात नेऊन सोडतो, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शोधून सापडवण्याचं काम आपल्या भाषेत एका माणसाने एकट्याच्या जिद्दीवर करून दाखवलं आहे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद असलेला पहिला खंड १९४३ साली, पुढच्या तेरा वर्षांचा दुसरा खंड १९६१ साली. त्यात कोणतंही पुस्तक चांगलं की वाईट हे लिहिलेलं नाही. कुठे आहे, कधीचं आहे, किती पानांचं आहे, एवढंच. मी त्या सूचीच्या बोटाला धरूनच शिकलो. दात्यांना गुण किती मिळाले असते, हा हिशेब मी एकदा गमतीने मांडला आणि सोडून दिला.

आमचा जकातीचा लेख छापून आला तो तळटीपा गाळून. दोन कोष्टकांतले आकडे इकडचे तिकडे झालेले. बाईंना बढती मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती, त्या शिकवतात फार चांगलं. गेल्या वर्षी मिठाच्या व्यापारावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने तो लेख मागितला. बघतो तर नियतकालिक बंद, संकेतस्थळ गायब, आणि छापील अंक कधी निघालाच नव्हता. आयएसएसएन तेवढा माझ्या वहीत लिहिलेला होता. मी बाईंना फोन केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘काका, मूळ कच्चं टिपण आहे ना तुमच्याकडे?’

आहे. दिवाळीनंतरच्या रविवारपासून आम्ही पुन्हा बसणार आहोत. कोष्टकं वहीशी ताडून बघायची आहेत, आणि गाळलेल्या तळटीपा परत घालायच्या आहेत.